टक्केबाईंचं शून्य

टक्केबाईंना निवांत बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. खुर्चीत असल्या तरी टेबलाखाली पाय हलत असायचा. पाय थांबला की बोटं पेनाचं टोपण काढ-घाल करायची, आणि टोपण कुणी काढून घेतलं तर बाई उठून पाणी प्यायला जायच्या. लहानपणी आई म्हणायची, "या पोरीच्या पायाला भिंगरी बांधलीय." थोरला भाऊ तर अजूनही त्यांना भिंगरीच म्हणतो. सकाळी घराला कुलूप लावून बाई जिन्याच्या वळणापर्यंत येतात, परत वर जातात, कुलूप ओढून बघतात आणि मगच कामाला निघतात. नवरा खाली उभा राहून वाट बघतो. बोलून उपयोग नाही हे त्याला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

त्यांची कंपनी कृत्रिम पाय बनवायची. पाय, हात, पाठीचे पट्टे, मानेच्या कॉलरी. तळमजल्यावर वर्कशॉप, मधल्या मजल्यावर हिशेब आणि भांडार, आणि सगळ्यात वर ज्यांना कशाचंच माप घ्यावं लागत नाही अशी मंडळी. बाई लागल्या तेव्हा दारातल्या टेबलावर फोन उचलत होत्या. मग पत्रं टाइप करायला लागल्या, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की या बाई आकड्यांचे तक्ते फार देखणे काढतात. झालं, त्यांचं टेबल वरच्या मजल्यावर गेलं. तिथे त्यांनी साहेबांच्या भाषणांसाठी स्लाइड बनवायच्या आणि भाषण चालू असताना शेजारी उभं राहून, साहेबांनी मान हलवली की, पुढची स्लाइड आणायची. एवढ्या वर्षांत एकाही मीटिंगमध्ये बाईंनी तोंड उघडलं नव्हतं. ते त्यांचं कामच नव्हतं.

टक्केबाई हे नाव पडलं ते क्लाउडमुळे. नातेवाइकांत या नावावरून बरीच थट्टा व्हायची. टक्केवारीचा धंदा करणारी माणसं गाड्या घेऊन फिरतात आणि तू अजून बसनेच जातेस, असं एक मामेभाऊ हटकून म्हणायचा.

तर क्लाउड. अध्यक्ष कुठल्याशा परिषदेला गेले होते, आणि तिथे शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने त्यांना विचारलं, "म्हणजे तुम्ही अजून क्लाउडवर नाही?" ते अध्यक्षांच्या जिव्हारी लागलं. परत आल्याबरोबर एक सल्लागार नेमला गेला. पांढरे बूट घालणारा, बोलताना दोन्ही हातांनी हवेत मोठे गोल काढणारा. गोष्ट तशी साधी होती. तळमजल्याच्या कोपऱ्यात एक थंड खोली होती, तिच्यात कंपनीची यंत्रं होती आणि त्या यंत्रांत सगळी माहिती. ती आता दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या यंत्रांवर ठेवायची आणि इंटरनेटवरून वापरायची. घरातलं सामान भाड्याच्या गोदामात हलवतात, तसलाच प्रकार. पण इतकं सोपं सांगितलं तर सल्लागाराला कोण ठेवून घेईल?

म्हणून शब्द आले. आधी मायग्रेशन, मग ट्रान्सफॉर्मेशन, मग नुसतं 'जर्नी'. उशीर झाला तर त्याला 'लर्निंग' म्हणायचं. काहीच झालं नसेल तर 'अलाइनमेंट चालू आहे' असं सांगायचं. जिन्यात 'क्लाउड-फर्स्ट' लिहिलेले फलक लागले, आणि ते लावताना दिव्याचं बटण झाकलं गेल्यामुळे लोक महिनाभर अंधारात चढ-उतार करत होते. विशीतल्या पोरांपासून निवृत्तीला टेकलेल्यांपर्यंत सगळे हे शब्द वापरायला लागले आणि अर्थ कुणी कुणाला विचारीना. अळीमिळी गुपचिळी. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि जेवल्यासारखं सगळे ढेकर देत होते.

दर सोमवारी बाई प्रत्येक विभागाला फोन करून विचारायच्या, "किती टक्के झालं?" आलेला आकडा तक्त्यात भरायचा, वाढला असेल तर हिरवा बाण वर काढायचा. सुरुवातीला एकदा हिशेबवाल्याने मागच्या आठवड्यापेक्षा कमी आकडा दिला, कारण काही माहिती हलवताना बिघडली होती. बाईंनी त्याला पुन्हा फोन केला. "अहो, खाली जाणारा बाण बरा नाही दिसत. तुम्ही तेवढाच ठेवा, पुढच्या वेळी भरून काढा." हिशेबवाला शहाणा होता, त्याने तेवढाच ठेवला. बाईंना यात काही वावगं वाटलं नाही. आपण तक्ता नीटनेटका ठेवतोय, असंच त्यांना वाटायचं.

आकडे सोमवारी सोमवारी चढत गेले आणि एके दिवशी सगळा तक्ता हिरवा झाला. शंभर टक्के. अध्यक्षांनी समारंभाचा दिवस ठरवला. जुन्या यंत्रांना गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याची अट अशी, की यंत्रं त्याच्या टेम्पोत चढायच्या आधी त्यातली सगळी माहिती पुसलेली असली पाहिजे. थंड खोलीचं 'इनोव्हेशन हब' होणार होतं. त्यासाठी मागवलेल्या बीनबॅगा, म्हणजे बसायच्या गुबगुबीत पिशव्या, आधीच येऊन तळमजल्याच्या बोळात पडल्या होत्या, आणि कुबड्या घेऊन येणाऱ्या पेशंटना त्यांतून वाट काढावी लागत होती.

आणि बाईंना बढती मिळणार होती. 'ट्रान्सफॉर्मेशन लीड'. दार असलेली केबिन. विभागप्रमुख मॅडमनी, ज्या बाईंपेक्षा वयाने बऱ्याच लहान होत्या, तसं तोंडी सांगितलंच होतं. बाईंना स्वतःच्या दाराचं भारी आकर्षण होतं, कारण दारामागे पाय कितीही हलवला तरी कुणी बघणार नव्हतं. नवऱ्याने ही बातमी त्याच दिवशी आपल्या बहिणीला सांगून टाकली, म्हणजे ती आता सगळ्या खानदानाला माहीत झाली होती.

समारंभाच्या आदल्या दिवशी दादा वर्कशॉपमध्ये आला.

दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर, दिवसभर टेबलाशी उभं राहून कापड कापायचं काम. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ट्रकने त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नेला, आणि तेव्हापासून तो याच कंपनीच्या पायावर उभा आहे. सुरुवातीचे दिवस फार वाईट होते. उरलेला पाय ज्या कपात बसतो, ज्याला तिथे सॉकेट म्हणतात, तो काही केल्या जमेना. कधी घट्ट, कधी सैल. कातडी सोलायची, जखमा चिघळायच्या, ताप यायचा. दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा आणि वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडायची. साचे काढून, घासून, बदलून, पुन्हा काढून शेवटी एकदाचा बरोबर आकार सापडला. तो संगणकात साठवून ठेवला, आणि तेव्हापासून दर खेपेला त्यावरूनच नवा कप निघतो. प्लास्टरचे साचे केव्हाच फेकून दिले होते.

या वेळी कपाला चीर गेली होती. बाई भावासोबत खाली आल्या. वर्कशॉप सांभाळायचे मापवाले काका. कानावर पेन्सिल, अंगावर प्लास्टरची पांढरी धूळ आणि फोनवर बोलायचा मनस्वी कंटाळा. त्यांनी संगणकावर दादाचं नाव घातलं, आणि बराच वेळ चक्र फिरल्यावर पडद्यावर राखाडी रंगाचा तो आकार आला.

"हा बघ माझा पाय," दादा म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगला फोटो येतो त्याचा."

बाईंनी सवयीने विचारलं, "काका, हे आता क्लाउडवरून आलं ना?"

"कशावरून?"

"क्लाउड. दर सोमवारी तुम्ही मला आकडा देता, तेच."

"ते होय. नाही हो, हे त्या कोपऱ्यातल्या खोलीतून येतं. पहिल्यापासून तिथूनच येतं."

बाईंचा हलणारा पाय थांबला. "मग शंभर टक्के म्हणालात ते?"

"ते आमच्या कामाचं. आठवड्यात जेवढे पाय द्यायचे तेवढे दिले की शंभर. गेल्या आठवड्यात सगळे गेले."

"पण मी क्लाउडबद्दल विचारत होते."

"विचारत असाल," काका दुसऱ्या कुणाचा तरी कप घासता घासता म्हणाले. "पहिल्या खेपेला मी सांगितलं होतं की, शून्य. तुम्ही म्हणालात, काका, शून्य कसं लिहू, बरं दिसत नाही, काहीतरी द्या. आता काहीतरी म्हणजे काय द्यावं माणसाने? जे मोजता येत होतं ते दिलं. तुम्ही खूश झालात, मला वाटलं जमलं."

त्यांना राग नव्हता, तक्रार नव्हती. बाईंना मात्र तो फोन लख्ख आठवला. त्या दिवशी त्या घाईत होत्या, काकांचं शून्य तेवढं राहिलं होतं आणि त्यामुळे तक्त्यातला सगळ्यात खालचा रकाना बोडका दिसत होता. एवढंच कारण. बाईंना स्वतःची अशी लाज वाटली की कान तापले.

"मापात पाप केलंस की काय गं, भिंगरे?" दादाने हसत विचारलं. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं आवरलं.

बाई तिथून निघाल्या त्या सरळ बोळातल्या बीनबॅगा ओलांडत थंड खोलीत. तिथे सिस्टमवाला बसायचा. पूर्वी त्या खोलीत चार माणसं होती, सल्लागाराच्या सल्ल्याने आता हा एकटा उरला होता, आणि थंडीमुळे कायम मफलर गुंडाळून असायचा.

"वर्कशॉपचं काहीच हललेलं नाही," बाई म्हणाल्या.

"असं कसं? तुमच्या तक्त्यावर ते हिरवं आहे."

"अहो, तक्ता मी तुम्हा लोकांच्या सांगण्यावरून काढते."

"आणि मी तुमच्या तक्त्यावरून चालतो," तो म्हणाला. "विभागाने काय काय हलवायचं त्याची यादी द्यायची आणि मी हलवायचं, असं ठरलं होतं. वर्कशॉपची यादी आलीच नाही, आणि रकाना तर हिरवा. मला वाटलं सल्लागारांच्या माणसांनी परस्पर हलवलं असेल."

सल्लागारांची माणसं काय बघत होती? तक्ता. सगळी आंधळी कोशिंबीर चालली होती, आणि डोळ्यांवरची पट्टी बाईंनीच छान रंगवून दिली होती.

"आता हलवायला किती वेळ लागेल?"

"तो प्रोग्राम फार जुना आहे. नीट तपासून हलवायचं तर आठवडे लागतील."

"मग उद्या पुसू नका."

सिस्टमवाल्याने मफलर सारखा केला. "ताई, मला तसं मॅडमनी सांगायला हवं. या खोलीत मी एकटाच उरलोय, ते तुम्ही बघताच आहात. उद्या अध्यक्षांनी बटण दाबलं की वर टाळ्या होतील, आणि टाळ्या ऐकल्या की इथे पुसणं चालू करायचं, असा मला हुकूम आहे. इथे फोन लागत नाही, म्हणून हॉलच्या खिडक्या उघड्या ठेवणार आहेत. आणि एकदा चालू केलं की मग ते मागे घेता येत नाही."

बाई जिना चढल्या, मधल्या मजल्यावर भांडारात डोकावल्या. भांडारवाल्याला विचारलं, तुमचे शंभर टक्के कसले? तो अभिमानाने म्हणाला, क्लाउडच्या ट्रेनिंगला आमचे सगळेच्या सगळे बसले होते. भांडारातल्या मालाची एक वेळ पुन्हा मोजदाद होईल, बाईंनी स्वतःची समजूत काढली. पण उरलेल्या पायांचे ते आकार पुन्हा कुठून आणायचे? एकट्या दादाचा नव्हे, वर्कशॉपबाहेर बोळातल्या बाकांवर बसलेल्या सगळ्यांचा. येताना तिथे एक मुलगी बसलेली त्यांनी पाहिली होती. एका पायात बूट आणि दुसरा बूट मांडीवर.

मॅडम फुलांच्या सजावटीवरून कुणाशी तरी फोनवर हुज्जत घालत होत्या. बाईंनी दाराशीच सगळं सांगितलं.

मॅडमनी फोन ठेवला. "ताई, आता? निमंत्रणं गेलीत. अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन येताहेत. तुम्ही इतक्या निगेटिव्ह का होताय?"

"निगेटिव्ह नाही, मॅडम. तिथे खरंच शून्य आहे."

"नंतर बघू ना."

"नंतर म्हणजे पुसल्यावर?"

मॅडमनी पुन्हा फोन हातात घेतला. "असं करा, रिस्क रजिस्टरमध्ये टाका. म्हणजे ते रेकॉर्डवर येईल. आणि ताई, उद्या तुमच्या पदाची घोषणा पण आहे. थोडं भान ठेवा."

बाईंनी रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे संभाव्य धोक्यांच्या यादीत टाकलं. पाणी पिऊन परत येऊन बघतात तर त्या ओळीपुढे मॅडमचा शेरा आला होता, 'हाताळले', आणि ओळ हिरवी झाली होती. तो रंगही बाईंनीच बसवून दिलेला होता.

संध्याकाळी घरी त्यांनी धुतलेली भांडी पुन्हा धुतली. दादाचा फोन आला. त्याला काकांकडून सगळं कळलं होतं.

"हे बघ, तू काही बोलू नकोस," तो म्हणाला. "नवा कप काका करताहेत, तो चालेल बरीच वर्षं. पुढचं पुढे. फार तर पुन्हा मापं देईन."

"तुला त्या जखमा आठवत नाहीत का रे?"

"आठवतात. पण तुझी केबिन जाईल ना. फोन उचलता उचलता तू इथवर आलीस. माझ्या पायापायी तुझं नको बिघडायला."

त्याने असं म्हणायला नको होतं, असं बाईंना वाटलं. त्याने भांडायला हवं होतं. फोन ठेवल्यावर त्यांना भावाचाच राग आला, मग मॅडमचा, मग सल्लागाराच्या पांढऱ्या बुटांचा, आणि फिरून फिरून राग स्वतःपाशी येऊन बसला. ती बोळातली मुलगी काही डोळ्यांपुढून जाईना. नवऱ्याने गॅसवरच्या भाजीकडे बघत विचारलं, "झाली का?" बाई म्हणाल्या, "सत्तर टक्के," आणि स्वतःच दचकल्या.

सकाळी लवकर कामावर जाऊन त्यांनी तक्ता उघडला. वर्कशॉपच्या रकान्यात शून्य घातलं. हिरव्या रांगेत ते लालभडक उठून दिसलं. त्यांनी पुन्हा शंभर केलं. उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, खाली फाटकाशी टेम्पो येऊन थांबलेला पाहिला. परत येऊन शून्य केलं. तेवढ्यात मॅडम आल्या, म्हणून पुन्हा शंभर. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी हॉलमधून हाक आली तेव्हा त्यांनी घाईने लॅपटॉप बंद केला, आणि हॉलच्या दारात त्यांच्या लक्षात आलं की शेवटचं काय ठेवलं तेच आपल्याला आठवत नाही.

हॉल भरला होता. मंचावर थर्माकोलचं एक मोठं लाल बटण होतं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं, पण त्याच्यावर झोत टाकला होता. सल्लागार कानाला माइक लावून इकडून तिकडे फिरत होता आणि हवेत गोल काढत होता. बाई कडेला लॅपटॉपपाशी उभ्या होत्या. त्याने मान हलवली की स्लाइड बदलत होती. खिडक्या सताड उघड्या होत्या.

"आणि आता," सल्लागार म्हणाला, "ज्यासाठी आपण सगळे इथे आहोत."

त्याने मान हलवली. बाईंनी कळ दाबली आणि पडद्याकडे पाहिलं. तक्ता वरपासून खालपर्यंत हिरवागार होता. वर्कशॉपपुढे शंभर.

म्हणजे आता स्लाइड काही बोलणार नव्हती. अध्यक्ष बटणापाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात उचलला. बाईंनी वर्षानुवर्षं मीटिंगांत मिठाची गुळणी धरली होती, ती सुटेल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं.

"साहेब, हे खरं नाही."

आवाज इतका बारीक आला की मागच्या रांगा ऐकायला पुढे झुकल्या. अध्यक्षांचा हात तसाच वर राहिला. "काय खरं नाही?"

"वर्कशॉपचा आकडा. तिथलं काहीही हललेलं नाही. त्यांनी मला शून्यच सांगितलं होतं. ते दिसायला बरं नाही म्हणून मी दुसरा आकडा मागून घेतला." शब्द आता थांबत नव्हते. "ती यंत्रं पुसली तर पेशंटच्या पायांची सगळी मापं जातील. माझ्या भावाचंही जाईल."

मॅडम समोरच्या फुलदाणीकडे बघत होत्या. अध्यक्षांनी हळूहळू हात खाली घेतला आणि सल्लागाराकडे पाहिलं. "मग बटण दाबायचं की नाही?"

त्या माणसाचं एक मानलं पाहिजे. क्षणभर त्याचे हात हवेत थिजले, पण क्षणभरच. मग तो असा हसला की जणू हे सगळं त्यानेच बसवलं होतं.

"बघितलंत? याला म्हणतात रॅडिकल ट्रान्सपरन्सी. शून्य म्हणजे अपयश नव्हे, शून्य म्हणजे आपली नवी बेसलाइन. वर्कशॉप ही आपली जर्नी टू-पॉइंट-ओ आहे, सर. या धाडसासाठी ताईंना एकदा जोरदार टाळ्या."

आणि टाळ्या पडल्या. टाळ्यांचं काय, त्या कशालाही पडतात. सगळा हॉल बाईंकडे बघून टाळ्या वाजवत होता. जन्मात पहिल्यांदा इतकी माणसं आपल्यासाठी टाळ्या वाजवताहेत, हे बाईंना जाणवलं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटलं. मान जराशी लवली. मग त्यांची नजर उघड्या खिडक्यांवर गेली.

त्या पळाल्या.

पायाला भिंगरी असलेल्या माणसाचा उपयोग आयुष्यात कधी तरी होतोच. जिन्याच्या पहिल्या वळणावर एक चप्पल निसटली, दुसरी त्यांनी झटकून टाकली. वर टाळ्या चालूच होत्या. बोळात बीनबॅगांवर पाय पडला आणि त्या एका बीनबॅगेत कमरेपर्यंत रुतल्या. उठायला जावं तर आणखी खाली जात होत्या. बाकावरच्या पेशंटांपैकी कुणीतरी कुबडी पुढे केली. ती धरून त्या उठल्या आणि थंड खोलीचं दार त्यांनी खांद्याने ढकललं.

सिस्टमवाला उभा होता. एका यंत्राचा पडदा काळा पडला होता आणि त्यावर पांढरी रेघ पुढे सरकत होती. त्याचं बोट दुसऱ्याच्या कळीवर होतं.

"थांबा."

"ताई, टाळ्या वाजल्या."

"त्या माझ्यासाठी होत्या."

"तुमच्यासाठी? कशाबद्दल?"

"थांबा म्हणाले म्हणून."

त्याने बोट मागे घेतलं. पुसलं जात होतं ते हिशेबाचं यंत्र होतं, आणि हिशेबवाल्याने मात्र आपलं काम खरोखरच पुरं केलेलं होतं. वर्कशॉपचं यंत्र कोपऱ्यात घूं घूं करत चालू होतं. बाई अनवाणी, थंडगार फरशीवर त्याच्याशेजारी बसल्या. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं. सिस्टमवाल्याने आपला मफलर काढून त्यांना दिला.

टेम्पो रिकामा परत गेला. बढती दुसऱ्या कुणाला मिळाली, एका गोड बोलणाऱ्या माणसाला, ज्याने 'जर्नी टू-पॉइंट-ओ' हे शब्द समारंभ संपायच्या आत पाठ केले होते. मॅडम बाईंशी कामापुरतं बोलू लागल्या. रिस्क रजिस्टरमधली ती ओळ हिरवीच राहिली. नवऱ्याने एवढंच विचारलं, "आता मी माझ्या बहिणीला काय सांगू?" बाई म्हणाल्या, "सांगा, नव्वद टक्के झालं होतं." तो आधी बिचकला, आणि मग दोघंही हसली.

दादाचा नवा कप छान बसला. तो कारखान्यात दिवसभर उभा राहतो आणि फोन केला की पहिलं विचारतो, "काय गं, माझा पाय शाबूत आहे ना तिकडे?"

दर सोमवारचं काम मात्र बाईंकडेच राहिलं. पुढच्या सोमवारी त्यांनी नवा तक्ता उघडला आणि पहिला फोन वर्कशॉपला लावला.

"काका, क्लाउडचं किती झालं?"

पलीकडे घासायचा आवाज थांबला. 

"तुम्हाला किती हवंत?" काकांनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता, कुचेष्टा नव्हती. ते खरोखरच विचारत होते. इतके सोमवार बाईंनी त्यांना हेच शिकवलं होतं. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही काही सांगू नका. मी खाली येते."

त्या खाली गेल्या. काकांच्या शेजारी स्टूल ओढून त्यांनी तो जुना प्रोग्राम उघडायला लावला आणि एकेक नाव बघत यादी करायला घेतली. दुपार झाली, संध्याकाळ झाली, काकांनी दोनदा चहा आणून दिला. तेवढा सगळा वेळ टक्केबाई एका जागी बसून होत्या, आणि हे पाहणारे एकटे मापवाले काका, ज्यांना यात नवल काय ते कळलं नाही.

त्या आठवड्याच्या तक्त्यात वर्कशॉपच्या रकान्यात आकडा नव्हता. मॅडमनी विचारलं, इथे काय भरायचं राहिलंय का. बाई म्हणाल्या, नाही, भरलंय. तिथे लिहिलं होतं, 'बघून आले. अजून हललेलं नाही.'